झाड तिथेच का?

बरीच वर्षं मी संगणकात डोंगर उभे करते. निसर्ग माहिती केंद्रांसाठी, माहितीपटांसाठी, कधी एखाद्या अभ्यासगटाला आपली टेकडी पन्नास वर्षांपूर्वी कशी दिसत असेल ते पाहायचं असतं म्हणून. हेडसेट डोळ्यांवर चढवला की माणूस सह्याद्रीच्या पठारावर उभा राहिला पाहिजे, आणि ज्याने ते पठार पायाखाली घातलं आहे त्यालाही ते खरं वाटलं पाहिजे. पहिली अट आजच्या यंत्रांमुळे बरीच सोपी झाली आहे. दुसरी मात्र यंत्राच्या ताकदीवर पूर्ण होत नाही. त्या दुसऱ्या अटीपायी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या, गुराख्यांच्या आणि पावसाच्या नोंदींच्या मागे फिरताना जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

१. झाडं पसरण्याआधी पाऊस पसरा

आभासी डोंगराची सगळ्यात सोपी रीत म्हणजे यादृच्छिक आकड्यांतून उंचसखलपणा तयार करणं. केन पर्लिन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेली 'नॉइज'ची पद्धत त्यासाठी आजही सर्रास वापरतात. १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. या पद्धतीने जमीन उठवायची आणि तिच्यावर अक्षता टाकाव्यात तशी झाडं टाकायची. दुरून ते जंगल दिसतंही. पण रानात फिरलेल्या माणसाला ते लगेच खटकतं, कारण त्यातल्या एकाही झाडाला तिथे उभं राहायला कारण नसतं.

ही उणीव संगणक चित्रणातल्या लोकांना फार आधी कळली होती. ऑलिव्हर डॉइसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक निबंध मांडला. झाडांना आधी उजेडासाठी आणि जागेसाठी झगडू द्यायचं, कोण जगलं ते पाहायचं आणि मग त्यांचं चित्र काढायचं, असा त्यांचा क्रम होता. २०१७ च्या 'होरायझन झीरो डॉन' या खेळासाठी गरिला गेम्सच्या चमूने प्रदेशांचे 'इकोटोप' आखले. उतार, पाणी, उंची यांच्या नकाशांवरून कुठे काय उगवायचं ते संगणक खेळ चालू असतानाच ठरवत होता. पद्धत तयार आहे. प्रश्न उरतो तो आपल्या डोंगराचे नियम कोण लिहिणार, हा.

आपल्याकडे पहिला नियम पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. खाली वाईला उतरलो की आकडा हजाराच्या आत येतो. हे सगळं तीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर. वरच्या टोकाला अंजनी, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित रान, खोडाखोडावर शेवाळ, आणि खालच्या टोकाला बाभळी, बोरी. हवामान खात्याची देशभराची चौकटवार पर्जन्य आकडेवारी पाव अंशाची आहे, म्हणजे एक चौकट सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. अख्खा घाट तिच्या एक-दोन चौकटींत मावून जातो. सरासरी पावसाचं सरासरी जंगल उगवतं आणि तसं जंगल ना महाबळेश्वरला आहे ना वाईला. म्हणून मी मंडळनिहाय पर्जन्यमापकांचे आकडे गोळा करते, घाटमाथ्यापासूनचं अंतर मोजते आणि त्या दोन गोष्टींवरून पावसाचा उतार स्वतः बांधते. या कामात गेलेला वेळ पुढे दामदुपटीने परत मिळतो.

२. उपग्रहाच्या डोंगराला कडा नसतो

फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्या नोंदी तीस मीटरच्या चौकटीत मोफत मिळतात. आपल्या 'कार्टोसॅट-१'च्या छायाचित्रांवरून बनवलेला उंचीचा नकाशाही 'भुवन'वर आहे. आमच्या धंद्याला हे वरदानच आहे. पण तीस मीटरच्या चौकटीत उभा कातळ बसत नाही. त्याचा घसरगुंडीसारखा उतार होतो. रडार झाडांच्या पानोळ्यातच कुठेतरी अडकतं, म्हणून दाट रानात जमीन आहे त्याहून उंच दिसते. आणि तुम्ही त्या उंच झालेल्या जमिनीवर पुन्हा झाडं लावता.

त्याहून मोठी अडचण उंचीच्या नकाशाच्या रचनेतच आहे. एका ठिकाणाला एकच उंची, हा त्याचा पाया. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे. तिथे एकाच ठिकाणावर खाली जमीन, मध्ये हवा आणि वर पुन्हा खडक आहे. राजगडाचं, रतनगडाचं नेढं तर डोंगराला आरपार पडलेलं भोक. हे कुठल्याच उंचीच्या नकाशात मावत नाही. अशा जागा आम्ही छायाचित्रांच्या मालिकेवरून वेगळ्या घडवतो आणि जमिनीत बसवतो.

बाकी कड्यांसाठी मला भूशास्त्र सगळ्यात कामाला आलं. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. घट्ट काळा बेसॉल्ट टिकतो आणि उभा कडा देतो. मधला सच्छिद्र थर झिजतो आणि तिथे सपाटी तयार होते. ट्रेकवाले जिला पदर म्हणतात, ती हीच. कड्यावरून झिरपलेलं पाणी आणि वाहून आलेली माती पदरात साठते, म्हणून तिथेच झाडी दाट. डोंगराला दिसणारे हिरवे पट्टे हे त्या थरांमुळे. थरांच्या उंचीची माहिती संगणकाला दिली की कडा आपोआप उभा राहतो आणि झाडी आपोआप पदरात जाते. खडक आणि रान असे एकाच कारणातून उमटताना पाहिले की मला आजही फार आनंद होतो.

३. पठाराची माती सेंटिमीटरमध्ये मोजा

कासचं पठार नकाशावर एका रंगाचं दिसतं. साताऱ्याजवळ, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास, जांभ्याचं जवळपास सपाट टोपण. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. त्या छोट्याशा पठारावर साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पती नोंदल्या आहेत. अनेक आभासी पठारांत मी पाहिलं आहे की, गवतावर रंगीबेरंगी फुलं सगळीकडे सारखी मिसळून टाकलेली असतात. कास पाहिलेला माणूस ते क्षणात ओळखतो. तिथली फुलं मिसळलेली नाहीत. ती पट्ट्यापट्ट्यांनी, थाळ्याथाळ्यांनी बसलेली आहेत आणि प्रत्येक पट्ट्याची कड बरीच स्पष्ट असते.

ती कड मातीच्या खोलीने ठरते. उघड्या जांभ्यावर शेवाळ आणि दगडफूल. दोन-चार सेंटिमीटरच्या मातीत, जिथून पाणी पाझरत राहतं, तिथे पांढऱ्या बोंडांचे गेंद आणि त्यांच्या पायाशी सीतेची आसवं. जरा जास्त माती, पण पाण्याचा निचरा चांगला, तिथे तेरडा. कडेच्या दगडधोंड्यांत, मुळांना खोल जाता येईल अशा फटींवर टोपली कारवीचे गोल गोल घुमट. पाणी साचून राहणाऱ्या डबक्यांत वायतुरा. सीतेची आसवं इतकी का, याचं उत्तरही मातीतच. धो धो पावसाने त्या पातळ थरातलं नत्र धुऊन जातं. ही इवलीशी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ते नत्र मिळवते, म्हणून इतरांना नकोशा जागेत ती निळे गालिचे अंथरते. शेजारी दवबिंदूही त्याच कारणाने किडे पकडत असतो.

हे समजल्यावर कामाची दिशाच ठरली. परवानगी घेऊन, ठरावीक अंतरावर एक बारीक सळई मातीत टेकवायची, कातळाला लागेपर्यंतची खोली लिहायची आणि तिथे काय उगवलं आहे ते शेजारच्या रकान्यात लिहायचं. पठाराच्या एका लहान तुकड्यावर हे नीट केलं की खोली, पाणी टिकण्याचा काळ आणि वनस्पती यांचं नातं हाती येतं. मग उरलेल्या पठारावर फुलं लावायची गरज पडत नाही. आपण खोलगट भाग आणि फटी घडवायच्या, पाणी सोडायचं, आणि गेंदांनी आपली जागा स्वतः शोधायची.

यात काळही गुंफावा लागतो. पाऊस स्थिरावताना चवर, ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद आणि आसवं, मग तेरड्याचा गुलाबी रंग, पाऊस ओसरताना सोनकीचा पिवळा. मातीचा पातळ थर आधी सुकतो, खोल थर नंतर. म्हणून रंगही एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत जातात. प्रेक्षकाला तारखेची पट्टी पुढे-मागे करायला दिली की लोक तिच्याशी किती तरी वेळ खेळत बसतात. आणि एप्रिलवर आणून सोडली की गप्प होतात. तापलेला लालकाळा कातळ आणि वाळलेली काडी, एवढंच तिथे असतं. मी एप्रिल कधीच वगळू देत नाही. अशा जागेला 'पडीक' म्हणून किती सहज लिहून टाकतात, हे मला माहीत आहे. बिया आणि कंद त्या चार बोटं मातीतच निजलेले आहेत, हे ज्याने वर्षभराची पट्टी सरकवून पाहिलं, त्याच्या तोंडी तो शब्द सहज येत नाही.

४. ढगांखालचं पावसाळ्यात पायीच बघा

'सेंटिनेल-२' उपग्रह दर पाच दिवसांनी दहा मीटरच्या बारकाव्याने चित्र देतो. पण जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर ढग हटत नाहीत. म्हणजे सह्याद्री ज्या काळात सर्वाधिक बदलतो, त्याच काळाची चित्रं नाहीत. रडारवाला 'सेंटिनेल-१' ढगांतून बघतो, पण त्याला हिरवा रंग कळत नाही. ऑक्टोबरच्या स्वच्छ चित्रावरून रंग उचलले की गवत आधीच पिवळं पडायला लागलेलं असतं. पावसाळी रंग, ओल्या खोडांचा काळेपणा, धुक्यात अंतरानुसार फिका होत जाणारा उतार, हे सगळं जमिनीवरून, रंगपट्टी शेजारी ठेवून काढलेल्या छायाचित्रांतूनच घ्यावं लागतं. छत्री कॅमेऱ्याला, आपण भिजायचं.

५. नोंदी रस्त्याकडेने चालतात

'आयनॅचरलिस्ट', 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल', जगभरच्या नोंदी एकत्र करणारं 'जीबिफ' यांच्यामुळे आज एका वनस्पतीच्या शेकडो नोंदी बसल्या जागी मिळतात. हौशी माणसांनी दिलेलं हे मोठं दान आहे आणि माझं काम त्याच्यावर उभं आहे. पण त्या नोंदींचा नकाशा काढला की आधी रस्ते दिसतात, मग गडांच्या वाटा, मग शहराजवळची पठारं. फुललेलं झाड नोंदलं जातं, न फुललेलं राहून जातं. 'इथे ते नाही' अशी नोंद तर जवळपास कोणीच करत नाही. कच्च्या नोंदींवरून रान वाढवलं तर दुर्मीळ ऑर्किड भरपूर उगवतात आणि अंजनी कमी पडते, कारण अंजनीचा फोटो कोण काढणार?

म्हणून प्रमाण ठरवायला चौकटी लागतात. दहा बाय दहा मीटरची दोरी, आतलं प्रत्येक झाड, छातीच्या उंचीवरचा घेर. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून रानाचा खरा हिशेब निघतो. चार-पाच जाती बहुसंख्य, बाकी अनेक जाती एक-एक, दोन-दोन. आभासी रानात हा तोल सांभाळला की ते एकाएकी ओळखीचं वाटू लागतं.

आणि चौकटीतही जे येत नाही ते माणसांकडून येतं. एका वाडीत आम्ही तिथल्याच खोऱ्याचं चित्र मोठ्या पडद्यावर दाखवत होतो. पुढे बसलेल्या आजींनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरी, ह्या घळीत उंबर दावला न्हाईस व्हय? मग हितलं पाणी कुठनं आलं?" त्या घळीत उन्हाळी झरा होता आणि झऱ्यावर उंबर. चौकटी दोन्ही बाजूंना पडल्या होत्या, घळ मध्ये राहिली होती. त्यानंतर आजींनी खोऱ्यातलं एकेक पाणी झाडांवरून सांगितलं. कुठे उंबर, कुठे जांभूळ, कुठे अर्जुन. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'च्या दकार्गल प्रकरणात झाडं आणि वारुळं यांवरून भूजल ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. त्यांत ही तिन्ही झाडं आहेत. आता प्रत्येक प्रकल्पात चौकटींइतकाच वेळ आम्ही गावातल्या जाणत्यांबरोबर ठेवतो, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं त्यांना विचारून, अभ्यासकांच्या ओळीतच घालतो.

६. कारवीचं साल ठरवून घ्या

सह्याद्रीच्या पश्चिम उतारांवर कारवी असते म्हणजे उतारच्या उतार कारवीचे असतात. ती साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. पावसात सगळं बी एकदम रुजतं. त्यामुळे एका उतारावरची सगळी कारवी एकाच वयाची आणि जवळपास एकाच उंचीची असते. आभासी रानात झुडपांची उंची कमी-जास्त करणं ही नेहमीची युक्ती. इथे ती युक्ती चित्र खोटं पाडते.

कारवी आली की विचारावं लागतं: कुठलं साल दाखवायचं? फुलल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात उतारावर वाळलेल्या काठ्या उभ्या असतात, त्यांच्या खाली रोपांची दाटी आणि भरपूर उजेड. काही वर्षांनी डोक्याच्या वर गेलेल्या कारवीत आतून अंधार असतो आणि खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. फुलोऱ्याच्या साली जांभळा डोंगर आणि मधमाश्यांचा आवाज. शिवाय सगळ्या डोंगरांचं साल एक नसतं. त्या काठ्या कापून गावातल्या घरांचे कुड उभे राहत आले आहेत, तेव्हा वाडीजवळच्या उतारावर कापलेले बुडखेही हवेत. एवढं सगळं एका झुडपाच्या घड्याळात आहे.

७. बी कोण नेतं ते विचारा

दोन झाडांमधलं अंतर कशाने ठरतं? सावरीचं बी म्हातारीबरोबर वाऱ्यावर जातं, म्हणून सावरी विखुरलेल्या. करवंद पक्षी खातात आणि एखाद्या एकट्या झाडावर बसून बी टाकतात, म्हणून माळावरच्या एकट्या झाडाखाली करवंदीची जाळी. उंबर आणि नांद्रुक यांची फळं खाऊन धनेश दूरवर बिया टाकतो. १९७०-७१ मध्ये जॅन्झन आणि कॉनेल यांनी स्वतंत्रपणे मांडलं की उष्ण प्रदेशात मोठ्या झाडाच्या अगदी पायाशी पडलेलं बी किडीने आणि रोगाने जास्त मरतं, म्हणून एकाच जातीची झाडं एकमेकांपासून अंतर राखतात. प्रत्येक जातीसमोर वारा, पक्षी, वटवाघूळ, ओघळ यांपैकी काय ते लिहिलं आणि संगणकात पिढ्यामागून पिढ्या चालवल्या, की मोकळ्या जागा आणि दाटी दोन्ही योग्य ठिकाणी पडतात. प्राण्यांची यादी त्यामुळे सजावटीच्या पानावरून पायाभूत पानावर येते. धनेश काढून टाकला तर शंभर वर्षांनंतरचं रान वेगळं निघतं, हे पडद्यावर दाखवता येतं. विद्यार्थ्यांना हे दाखवायला मला सर्वांत जास्त आवडतं.

८. झाडाचा बांधा बघा, पानं नंतर

तयार विकत मिळणाऱ्या झाडांच्या संग्रहांत ओक, पाइन, बर्च भरपूर मिळतात. ऐन, किंजळ, कुंभा शोधायला गेलं तर हात हलवत परत यावं लागतं. दुसऱ्याच झाडाला आपल्या झाडाची पानं डकवणं हा उपाय नव्हे. हाले आणि ओल्डमन यांनी १९७० मध्ये उष्णकटिबंधातल्या झाडांच्या वाढीचे मोजके नमुने मांडले. खोड कधी थांबतं, फांद्या एकदम फुटतात की सतत, त्या आडव्या जातात की वर वळतात, यावर ते आधारलेले आहेत. वनस्पतीची वाढ अक्षरांच्या पुनर्लेखनाने मांडणारी अरिस्टिड लिंडेनमायर यांची १९६८ ची पद्धत तर संगणकासाठीच केली असावी इतकी चपखल बसते. काटेसावरीच्या फांद्या खोडापासून जवळपास काटकोनात, मजल्यामजल्यांनी निघतात. एवढं एक जमलं की फेब्रुवारीतली निष्पर्ण, लाल फुलांनी भरलेली सावर लांबूनही चुकत नाही.

९. माणसाला वगळलं तर रान खोटं

काम देणारे पुष्कळदा म्हणतात, "अगदी निर्मळ निसर्ग दाखवा, माणसाची खूण नको." मी त्यांना विचारते, कुठल्या शतकातला? सह्याद्रीतल्या उतारांवर कुंभा आणि आवळा का टिकतात? कारण तिथून वारंवार वणवा जातो आणि कुंभ्याची जाड साल तो सोसते. बाकीची झाडं घळींत आणि ओहोळांच्या काठाला मागे सरतात. भातखाचरांच्या बाजूचे ऐन आणि किंजळ खांबासारखे उभे आणि आखूड धुमाऱ्यांचे का? कारण राब भाजायला त्यांच्या फांद्या दरवर्षी तोडतात. आणि उघड्या उतारावर मध्येच उंच, गर्द, गारंबीच्या मनगटाहून जाड वेलांनी गुंतलेला झाडीचा तुकडा का? ती देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून दाखवलं की आसपासचं रान गेल्यावरही तिथे ते कसं टिकून राहिलं. देवराईची कड चित्रात धारदार ठेवावी लागते. ती कड श्रद्धेने आखलेली आहे, उतार आणि पाऊस यांच्या आकड्यांतून ती कधीच निघणार नाही. ती गावाच्या हद्दींच्या नकाशातून घ्यावी लागते.

पूर्वेकडे, घाटाच्या पर्जन्यछायेत गेलो की उलटा गैरसमज भेटतो. तिथला गवताळ, विरळ झाडांचा माळ म्हणजे तोडलेलं जंगल, असं धरून चालतात. मग 'पूर्वीचं चित्र' मागताना दाट अरण्य मागतात. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी कथा, गाणी आणि ओव्या यांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ किमान साडेसातशे वर्षं असेच विरळ झाडांचे आणि गवताचे आहेत, असं त्यांनी त्यातून दाखवलं. जुन्या मजकुरात तरटी येते, बाभूळ येते. आपल्या ओव्या पर्यावरणाची नोंदवही ठरल्या, याचा मला फार अभिमान वाटला. आता या भागाचं जुनं चित्र करताना मी गवत वाढवते, झाडं वाढवत नाही. त्या माळावर मेंढरं आणि धनगरांचा वाडा, आणि दूर लांडगा, हेही येतं. काम देणाऱ्यांशी यावरून वाद होतात. ते मी आनंदाने घालते, कारण अरण्याचं खोटं चित्र पाहून उद्या कोणीतरी त्या माळावर खड्डे खणून रोपं लावायला निघेल, आणि माळढोकासारख्या गवतावर जगणाऱ्या पाखराला आपण आणखी ढकलून देऊ.

आजच्या काळातलं चित्र असेल तर घाणेरी, रानमोडी आणि गिरिपुष्पही यायलाच हवं, रस्त्याच्या कडेने आत शिरत गेलेलं. ते काढून टाकायची विनंती आली की मी तारीख बदलायला सांगते.

१०. काही जागा दाखवू नका

खरपुडीच्या काही जाती सह्याद्रीत मोजक्या कड्यांवर उरल्या आहेत. त्यांचे कंद खणून नेतात. ऑर्किडही ओरबाडतात. 'आयनॅचरलिस्ट' अशा जातींचं ठिकाण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत झाकून ठेवतं. आमचं चित्र जितकं हुबेहूब, तितका धोका जास्त. हेडसेट घालून वाट पाठ करता येईल अशा ठिकाणी ती फुलं लावायची नाहीत. आम्ही त्यांना योग्य प्रकारच्या कड्यावर, पण दुसऱ्याच डोंगरावर लावतो आणि तसं फलकावर लिहितो. खरेपणाला इथे मी हसत हसत मुरड घालते.

११. नोंद आणि अंदाज यांचे थर वेगळे ठेवा

आमच्या प्रत्येक प्रकल्पात एक बटण असतं. ते दाबलं की रंग जातात आणि झाडं दोनच छटांत दिसतात. गडद म्हणजे कोणीतरी जागेवर जाऊन मोजलेलं, फिकट म्हणजे नियमांवरून उगवलेलं. बहुतेक डोंगर फिकट असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या 'जेडाय' या लेसर यंत्राने २०१९ पासून रानाची उंची मोजली आहे, तीही पंचवीस मीटरच्या सुट्या सुट्या ठिपक्यांत. मधल्या जागेचं आपण अनुमानच करतो. हे बटण लावू नका, लोकांचा विश्वास कमी होईल, असं मला सांगितलं गेलं. घडलं उलट. ते दाबल्यावर लोक जवळ येतात आणि फिकट जागेवर बोट ठेवून सांगायला लागतात, इथे आमचा आंबा होता, इथे तळं होतं, इथे करवंदं नव्हती. कुणी फोटो पाठवतं, कुणी आजोबांना घेऊन येतं.

सध्या कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांचं काम हातात आहे. रत्नागिरीच्या बाजूचे हे सडे कातळशिल्पांमुळे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. शिल्पांच्या खाचांत पावसाळ्यात पाणी साचतं आणि त्या पाण्यात इवल्या वनस्पती उगवतात, म्हणजे इथे सूक्ष्म अधिवासांतले काही माणसाने छिन्नीने घडवलेले आहेत. ती शिल्पं कोणाला इजा न होता कशी मोजायची, पुरातत्त्व अभ्यासकांशी त्याचं बोलणं चालू आहे. सळई इथे चालणार नाही. खोली छायाचित्रांवरूनच काढावी लागेल, आणि पहिल्या पावसाच्या आधी कोरड्या कातळाची छायाचित्रं पुरी व्हायला हवीत.